विंचू कसा उतरतो

मंडळी, मागचे दोन शनिवार काहीच लिहिलं नाही. गावी होतो, माहूरला. तिथे रेंज येते-जाते हे एक कारण. खरं कारण म्हणजे लॅपटॉप उघडावासाच वाटला नाही. आज भरपाई म्हणून जरा मोठं लिहितोय. चहा घेऊन बसा.

सुरुवात माझ्या मनगटावरच्या घड्याळापासून करतो. दिवाळीनंतर गर्दी ओसरली की आजीला रेणुकामातेच्या दर्शनाला न्यायचं असं ठरलं होतं. आजी पंचाहत्तरीची आहे, पण गडाच्या पायऱ्या अजून स्वतः चढते. हळूहळू, दर दहा-पंधरा पायऱ्यांना थांबत. मी पुण्यात दिवसभर खुर्चीत बसणारा प्राणी, त्यामुळे थांबे तिच्यापेक्षा मलाच जास्त लागत होते. निम्म्यात एका कुंकू-बांगड्यांच्या दुकानापाशी दोघं टेकलो आणि घड्याळ थरथरलं. तुम्ही बसलेले दिसता, पण हृदयाचे ठोके मिनिटाला १२० च्या वर आहेत, असा इशारा होता.

मी आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग? पायऱ्या चढल्यावर धडधडनार नाही तर काय करंल?" आणि वाकून माझ्या अनवाणी पायाला हात लावून पाहिला. म्हणाली, "गरम हाय. बस जरासा."

ही तिची जुनी सवय. आम्ही भावंडं लहान असताना रात्री पांघरूण घालायला यायची, तेव्हा आधी पाय चाचपायची. कुणाला ताप असला तरी कपाळाआधी पायाला हात. आम्हाला गुदगुल्या व्हायच्या. एवढंच आम्हाला त्यातलं कळलेलं.

दोन-तीन मिनिटांत ठोके ९० वर आले आणि घड्याळ गप्प झालं. पण माझ्या डोक्यात एक प्रश्न घोळत राहिला, तोच आजचा विषय आहे. घड्याळाने आकडा बरोबर मोजला होता, तरी मी आजारी नव्हतो. मग आजार म्हणजे नक्की काय?

तुम्ही म्हणाल, सोपं आहे, नॉर्मलच्या बाहेर गेलं की आजार. मलाही असंच वाटायचं. कंपनीच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट आला की मी फक्त ठळक अक्षरातले आकडे बघतो. पण ही 'नॉर्मल रेंज' कशी ठरते ते एकदा बघा. बऱ्याच चाचण्यांमध्ये निरोगी माणसांचे आकडे घेतात आणि मधल्या ९५ टक्क्यांना नॉर्मल म्हणतात. म्हणजे धडधाकट माणसांतले ५ टक्के व्याख्येनेच बाहेर पडतात! आता एका माणसाच्या वीस वेगवेगळ्या चाचण्या केल्या आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर संपूर्ण निरोगी माणसाचाही किमान एक आकडा रेंजच्या बाहेर जाण्याची शक्यता जवळपास ६४ टक्के येते. (०.९५ चा विसावा घात काढा आणि एकातून वजा करा.) त्यामुळे पुढच्या वेळी एखादा आकडा ठळक दिसला तर डॉक्टरांना जरूर दाखवा, पण रात्रभर गूगल करत बसू नका :)

शिवाय रेषा सरकतातही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी उच्च रक्तदाबाची रेषा १४०/९० वरून १३०/८० वर आणली. आदल्या रात्री निरोगी म्हणून झोपलेली लाखो माणसं दुसऱ्या दिवशी रक्तदाबाचे रुग्ण म्हणून उठली. रेषा खाली आणण्यामागे चांगली कारणं होती. पण त्या एका रात्रीत त्यांच्या शरीरात काहीच बदललं नव्हतं.

तर आकडा पुरेसा नाही. मग काय बघायचं?

एकोणिसाव्या शतकात क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक वेगळी गोष्ट दाखवली. आपण बाहेरच्या हवेत राहतो, पण आपल्या पेशी मात्र आतल्या पाण्यात राहतात, आणि शरीराची सगळी धडपड ते आतलं पाणी कायम सारखं ठेवण्यासाठी असते. बाहेर मे महिना असो की डिसेंबर, आत ३७ अंशांच्या आसपास. जेवणात मीठ कमी-जास्त होवो, रक्तातलं प्रमाण ठरलेलं. पुढे वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये या स्व-नियमनाला होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. गंमत म्हणजे संकट आलं की शरीर 'लढा किंवा पळा' अशा तयारीत जातं, हे सविस्तर मांडणाराही हाच माणूस. हा योगायोग लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आपल्याकडे सुश्रुताने निरोगी माणसाची जी व्याख्या केली, तिच्यातही दोष, अग्नी, धातू समतोल असणं आहे, आणि त्याला जोडून मन आणि इंद्रियं प्रसन्न असणंही आहे. म्हणजे आतला तोल तर हवाच, पण ज्याचं शरीर आहे त्याला बरंही वाटलं पाहिजे.

माझ्या पायऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात नीट सापडलं ते जॉर्ज कांगिलेम या फ्रेंच डॉक्टर-तत्त्वज्ञाकडे. १९४३ च्या त्याच्या प्रबंधाचा विषयच 'नॉर्मल आणि आजारी यांत फरक काय' हा. मला समजलेला मथितार्थ असा : निरोगी असणं म्हणजे एका आकड्यावर चिकटून राहणं नव्हे. गरज पडली की वाकता येणं आणि नवीन परिस्थितीत नवीन तोल साधता येणं म्हणजे आरोग्य. आजारी माणसाचाही एक तोल असतो, पण तो अरुंद असतो, जरा धक्का लागला की कोसळणारा. पायऱ्यांवर माझे ठोके १२० वर गेले आणि परत आले. जाणं आणि येणं दोन्ही जमलं, म्हणून तो आजार नव्हता.

आता आमच्या मराठवाड्यातलं घरोघरचं उदाहरण घेऊ. समजा मे महिना आहे, बाहेर ४३ अंश. घरात दोन माणसं आहेत आणि दोघांच्याही अंगात १०४ ताप. थर्मामीटरवर दोघं सारखेच.

पहिल्याला मलेरिया आहे. तो या उन्हाळ्यात गोधडी पांघरून कुडकुडतोय. का? तर मेंदूतल्या नियंत्रण केंद्राने नेहमीची ३७ ची रेषा मुद्दाम वर सरकवली आहे. नवीन रेषेच्या हिशोबाने शरीर 'गार' आहे, म्हणून ते कुडकुडून उष्णता तयार करतंय. नियमन बिघडलेलं नाही, नवीन हुकमाप्रमाणे व्यवस्थित चालू आहे. (१९७५ साली इग्वाना सरड्यांवर झालेल्या एका प्रयोगात, जंतुसंसर्गानंतर ज्यांना उबदार जागेत ठेवलं ते जास्त जगले होते. म्हणजे हा हुकूम अगदीच वेडा नसतो.) त्याला पॅरासिटामॉल दिलं की वर गेलेली रेषा खाली येते, घाम फुटतो, ताप उतरतो.

दुसरा दिवसभर रानात होता, त्याला ऊन लागलंय. त्याच्या मेंदूतली रेषा ३७ वरच आहे. शरीर जिवाच्या आकांताने उष्णता बाहेर टाकायला बघत होतं, पण ताकद संपली. त्याला पॅरासिटामॉल देऊन काहीच उपयोग नाही, कारण खाली आणायला रेषा वर गेलेलीच नाही. त्याला पाणी ओता, बर्फ लावा, वारा घाला, आणि लगेच दवाखान्यात न्या.

आकडा एकच, पण प्रक्रिया दोन आणि उपायही दोन. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत पहिल्याचं कॉन्फिगरेशन बदललंय आणि दुसऱ्याची कपॅसिटी संपलीय. म्हणून आजाराची व्याख्या करताना "आकडा किती?" याच्या आधी "शरीर आत्ता काय सांभाळायचा प्रयत्न करतंय, आणि ते कुठे अडतंय?" हे विचारायला हवं, असं मला वाटतं.

याचा तिसरा प्रकारही आहे. तो मी यंदाच्या मे महिन्यात डोळ्यांनी पाहिला.

चुलतभावाचं लग्नाआधीपासून रखडलेलं बांधकाम एकदाचं सुरू झालं होतं. घरामागे विटांचा ढीग होता. मी पंधरा दिवस गावातूनच काम करत होतो. दिवेलागणीच्या वेळी सात वर्षांच्या पुतण्याचा चेंडू विटांमागे गेला, त्याने हात घातला आणि किंचाळला. विंचू. लहानसाच, तांबूस रंगाचा. कुणीतरी चपलेने ठेचला.

पोराने वीसेक मिनिटं घर डोक्यावर घेतलं. कुणी म्हणालं कांदा चोळा, कुणी म्हणालं अमक्याला बोलवा, तो मंत्राने उतरवतो. मग हळूहळू त्याचं रडणं थांबलं. एकदा उलटी झाली. अंगातला शर्ट घामाने भिजला होता, पण मे महिन्यात कुणाचा भिजलेला नसतो? वहिनीने विचारलं, "दुखतंय का रे?" तो म्हणाला, "नाही, आता नाही दुखत." आम्ही सगळे सैल झालो. विंचू उतरला. वहिनी त्याला झोपवायला घेऊन गेली.

तेवढ्यात आजी देवळातून आली. काय झालं ते ऐकलं, सरळ खोलीत गेली आणि त्याच्या पायाला हात लावला. बाहेर येऊन मला म्हणाली, "पाय गार पडले. गाडी काढ."

मी म्हटलं, "आजी, अगं तो म्हणतोय दुखत नाही."

"म्हनूनच म्हनते. गाडी काढ!"

आजीचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. गाडी काढली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही आधी त्याच्या हातापायांना हात लावला, मग नाडी, मग रक्तदाब. एका छोट्याशा गोळीचा तुकडा दिला आणि बजावलं, याला आडवाच ठेवायचा, अजिबात उठवायचं नाही. हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा तेच औषध. गोळीचं नाव प्राझोसिन. मी सवयीप्रमाणे मोबाइलवर शोधलं आणि चक्रावलो. हे तर ब्लड प्रेशरचं औषध!

रात्री तीनच्या सुमारास पोरगं रडत उठलं. बोट दुखायला लागलं होतं. वहिनी घाबरून डॉक्टरांना बोलवायला धावली. डॉक्टर आले, पायाला हात लावला आणि रात्रीत पहिल्यांदा हसले. म्हणाले, "रडू द्या. बोट दुखायला लागलं म्हणजे आता धोका टळत आलाय."

दुखणं गेलं तेव्हा धोका होता आणि दुखणं परत आलं तेव्हा तो टळत होता. माझ्या डोक्यातला नॉर्मल-ॲबनॉर्मलचा तक्ता त्या रात्री उलटा झाला.

नंतर जे वाचलं ते थोडक्यात सांगतो. बहुतेक विंचू चावले तर नुसत्या वेदना होतात. आपल्याकडच्या लाल विंचवाचं विष मात्र वेगळं. ते मज्जातंतूंच्या टोकांशी असलेली सोडियमची दारं नीट बंद होऊ देत नाही. दार उघडं राहिलं की तंतू पुन्हा पुन्हा संदेश सोडत राहतो. आधी घाम, उलट्या, लाळ. मग ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिनचा पूर. कॅननने वर्णन केलेली 'लढा किंवा पळा' ही तयारी, पण बंद न होणारी. रक्तवाहिन्या आवळतात म्हणून हातपाय गार पडतात. बंद नळांवर पंप जोर लावतो तसं हृदय जोर लावत राहतं, मग थकतं, आणि फुप्फुसात पाणी भरतं. माणूस जातो तो त्यामुळे. म्हणजे जीव घेते ती शरीराची स्वतःचीच संकटाची यंत्रणा, जी एरवी त्याला वाचवते. विषाने फक्त तिचं बटण दाबून धरलेलं असतं. आणि हा प्रकार सुरू असताना चावल्या जागी वेदना कमी असतात, कधी नसतातच.

हे ज्यांनी ओळखलं ते डॉक्टर हिंमतराव बावस्कर आपल्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. १९७६ मध्ये ते कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. (महाड हं, माहूर नव्हे. माझीही वाचताना गल्लत झाली.) त्या काळात लाल विंचू चावून गंभीर झालेल्या दहा रुग्णांतले तीन-चार दगावत. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले : घाम, गार हातपाय, नाडी, रक्तदाब, छाती. १९८२ मध्ये त्यांनी धोक्याच्या या पूर्वखुणा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडल्या. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिनबद्दल लिहिलं. प्राझोसिन विषाला हातही लावत नाही. ते आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं, नळ उघडतं, बस्स. या स्वस्त गोळीने मृत्यूचं प्रमाण सुमारे एक टक्क्यावर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हे वाचताना मला आमच्या ऑफिसातली एक रात्र आठवली. एका नवीन बदलामुळे आमचा डेटाबेस जेमतेम वीस सेकंद मंद झाला होता. पण उत्तर वेळेत आलं नाही की विनंती पुन्हा पाठवायची, तीनदा पाठवायची, अशी सोय आम्हीच प्रत्येक सर्व्हिसमध्ये करून ठेवलेली. झालं! सगळ्यांनी एकदम पुन्हा विचारायला सुरुवात केली. भार वाढला म्हणून ऑटो-स्केलिंगने आणखी मशीन उभी केली. नवीन मशीननी डेटाबेसवर आणखी कनेक्शन टाकली. डेटाबेस आणखी मंद, म्हणून आणखी विनंत्या. मूळ कारण वीस सेकंदांत संपलं होतं, पण सिस्टिम दोन तास आडवी. आम्ही कोडमधला बग शोधत बसलो. शेवटी एका सीनियरने सगळे रिट्राय बंद केले आणि दहा मिनिटांत गाडं रुळावर आलं. प्रत्येक सर्व्हिस तिच्यापुरतं अगदी शहाण्यासारखं वागत होती. आजारी होती ती त्यांची एकमेकांना प्रतिसाद देण्याची साखळी.

उपमा फार ताणू नये, कारण एका जागी ती तुटते. रिट्राय बंद केल्यावर आमच्याकडे मूळ कारण उरलंच नव्हतं. शरीरात विष उरतं. २०११ मध्ये 'बीएमजे'त बावस्कर दांपत्याची महाडमधली चाचणी आली. ७० रुग्ण होते. नुसत्या प्राझोसिनवर दहा तासांत ३५ पैकी ८ जण पूर्ण सावरले, आणि प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचं प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२. म्हणजे प्रतिसाद शांत करणं आणि कारण काढून टाकणं, दोन्हीला आपापली जागा आहे. आणखी एक फरक असा की आमच्या सिस्टिमने काय करायचं ते आम्ही कागदावर लिहून ठेवलेलं असतं. शरीराचा असा कागद नाही. ते काय सांभाळतंय हे त्याच्याजवळ बसून, हात लावूनच ओळखावं लागतं.

आता परत गडावर येतो.

दर्शन झालं. तांबूल घेतला. (माहूरला येऊन गेलेल्यांना माहीत असेल, इथे कुटलेल्या विड्याचा प्रसाद असतो.) सावलीत बसलो आणि मी आजीला हे सगळं माझ्या परीने सांगितलं. नळ, पंप, बावस्कर, गोळी. आणि शेवटी विचारलं, "पण आजी, पाय गार पडतात हे तुला कसं ठाऊक? 'दुखत नाही' म्हणाल्यावर तू घाबरलीस, ते का?"

माझी एक आत्या सहा वर्षांची असताना विंचू चावून गेली, एवढं मला माहीत होतं. १९७९ सालची गोष्ट. घरात कुणी त्यावर बोलत नाही. बाबा तेव्हा अकरा वर्षांचे होते, तेसुद्धा नाही.

आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तीबी असंच म्हनली व्हती. माय, आता नाही दुखत." आजीने देवाचे आभार मानले, अंगारा लावला आणि तिला कुशीत घेऊन झोपली. रात्री कधीतरी जाग आली तेव्हा पोरीचे पाय तिच्या पोटऱ्यांना लागले. बर्फासारखे. तिला वाटलं पहाटेचा गारवा असेल. पांघरूण ओढलं. उजाडताना तोंडाला फेस आला होता.

"म्या झोपवलं तिला," आजी म्हणाली.

म्हणजे इतकी वर्षं ती पाय चाचपत होती. माझे, भावंडांचे, आता पुतण्याचे. आम्हाला गुदगुल्या होत होत्या.

मी घाईघाईने बोलत सुटलो. म्हटलं, आजी, तेव्हा तू दवाखान्यात नेलं असतंस तरी ही गोळी नव्हती. विंचवावर तिचा उपयोग होतो हे त्यांनी १९८६ मध्ये लिहिलं. त्या काळी जी औषधं द्यायचे त्यातली काही तर उलटी पडायची, ॲट्रोपिनसारखी, असं नंतर लक्षात आलं. तुझ्या हातात काहीच नव्हतं. आणि दुखणं थांबलं म्हणजे बरं वाटतंय असंच कुणालाही वाटणार, आम्हा सगळ्यांना मे महिन्यात तेच वाटलं की! मी तर इंजिनियर माणूस.

तिने बोटांवर मोजलं. "सात वर्सं."

"हो. सात वर्षं."

"गोळी नव्हती, ते खरं," ती म्हणाली. "पर पाय गार लागले व्हते रे मला. लागले व्हते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तिला काय दिसलं होतं ते तिला पक्कं माहीत आहे. त्याचा अर्थ तेव्हा तिला ठाऊक नव्हता. आणि जेव्हा ती पोरीवर पांघरूण ओढत होती, त्याच सुमाराच्या रात्री महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण डॉक्टर अशाच गार पायांना हात लावून वहीत लिहीत होता. दोघांनाही खूण तीच दिसत होती. डॉक्टरकडे शेकडो रुग्ण आले, म्हणून त्याला त्यातलं सूत्र सापडलं. आजीकडे एकच पोर होती. पण त्या एकीवरून ती जे शिकली, त्यावर यंदा मे महिन्यात एक पोर वाचलं. हे मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, एवढंच म्हणता येईल.

थोड्या वेळाने म्हणाली, "तांबूल खा. सुकतोय." मग आम्ही उतरलो.

तर मंडळी, आजार म्हणजे काय? माझं आजचं उत्तर असं आहे : शरीर जे सांभाळत असतं ते त्याला सांभाळता येईनासं होणं, किंवा सांभाळण्याची धडपडच आवरता न येणं. हे उत्तर अपुरं आहे याची कल्पना आहे. मोडलेलं हाड यात नीट बसत नाही, मनाच्या आजारांचं काय हा प्रश्न तर मोठाच. डॉक्टर वाचक असतील त्यांनी कान धरावा. पण "आकडा रेंजमध्ये आहे ना?" आणि "दुखत नाही ना?" हे दोन प्रश्न पुरेसे नाहीत, एवढं मात्र मी आता कुणालाही ठामपणे सांगेन.

आणि एक कामाचं, विशेषतः ज्यांची घरं गावाकडे आहेत त्यांच्यासाठी. विंचू चावल्यावर खूप घाम, उलटी किंवा हातपाय गार पडणं, यातलं काही दिसलं तर दुखो न दुखो, वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठा. लहान मूल असेल तर खुणांची वाट न बघता न्या. विटा, लाकडं, दगड हलवताना आधी काठीने हलवा, हात घालू नका. रात्री चपला झटकून घाला.

पुण्याला निघायच्या आदल्या रात्री पाणी प्यायला उठलो, तर आजी पुतण्याच्या अंथरुणापाशी वाकलेली होती. मला बघून म्हणाली, "झोप की. कामून उठला?" मी काही बोललो नाही. जाऊन झोपलो. थोड्या वेळाने माझ्या पायाला हात लागला. या वेळी गुदगुल्या झाल्या नाहीत.

असो. पुढच्या शनिवारी काहीतरी हलकंफुलकं लिहीन म्हणतो.